मोठ्या बोटीचं ॲव्हरेज

दातांच्या डॉक्टरांनी मोठी बोट घ्यायचं ठरवलं, ते सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. जुन्या बोटीत तिघं बसली की ते गुडघे डॉक्टरांच्या पाठीत रुतायचे. बायकोला केबिनची बोट हवी होती, आत निवांत पडता येईल अशी. तसं ती बोललीही होती. पण डॉक्टरांचा धंदाच असा, की समोरच्याच्या तोंडात बोटं घालून प्रश्न विचारायचे. उत्तर ऐकायची सवयच राहिली नव्हती.

बोटींच्या दलालाने धक्क्यावरची क्रूझर दाखवली. पडदे, शेगडी, बिछाने. सासूबाई एका बिछान्यावर आडव्या झाल्या त्या उठेचनात.

"ॲव्हरेज किती देते?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशी चालवता त्यावर आहे. शिवाय आत माणसं किती, सामान किती. पण जुन्या बोटीपेक्षा जास्त पिणार, डॉक्टर."

'पिणार' हा शब्द डॉक्टरांच्या जिव्हारी लागला. दलालाने चक्कर मारायला बोट दिली, तेव्हा त्यांचं सगळं लक्ष मीटरवर. आधी त्यांनी वेग कमी केला. (एक बदक शेजारून पुढे गेलं.) तरी आकडा मनासारखा येईना. मग त्यांनी खाडीपलीकडच्या धक्क्याला बोट लावली आणि सासूबाईंना उठवलं.

"जरा उतरता का दोघी? रिकाम्या बोटीचं ॲव्हरेज बघतो."

"अहो, पण बोट आपल्या तिघांसाठी घेताय ना?" बायकोने विचारलं.

"म्हणून तर," डॉक्टर म्हणाले. याचा अर्थ त्यांनाही सांगता आला नसता.

आता मात्र आकडा सुधारला. जितकं पुढे जावं तितका सुधारत गेला. डॉक्टर शीळ घालत पार खाडीच्या तोंडापर्यंत पोहोचले. कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं, तर रिकामे बिछाने. सासूबाईंच्या डोक्याचा खळगा उशीवर तसाच होता. डॉक्टरांना उगाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी बोट वळवली.

वळवल्यावर कळलं, की ओहोटी लागली होती. इतका वेळ पाणीच त्यांना वाहून नेत होतं आणि ते इंजिनाचं कौतुक करत होते. परतीला बोट अशी प्यायला लागली, की अर्ध्या वाटेत डिझेलच संपलं. डॉक्टरांनी नांगर टाकला आणि फोन केला.

दलाल डिझेलचा कॅन घेऊन आला. वाटेत त्याने दोघी मायलेकींनाही होडीत घेतलं होतं. सासूबाई चढल्या त्या थेट बिछान्यावर. बायको खिडकीशी बसली. इंजिन बंद, बोट हलकेच डुलत होती.

"लगेच सुरू करू नका," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्या शेजारी टेकले. म्हणाले, "तुला विचारलंच नाही. ही घेतली तर कुठे जायचंय तुला?"

"कुठेच नाही. असंच पाण्यावर पडून राहायचंय. इकडेतिकडे तर तुम्हीच निघालात."

उभ्या बोटीला डिझेल किती लागणार? डॉक्टरांनी बोटीचा सौदा तिथल्या तिथे पक्का केला आणि मोठ्या समाधानाने दलालाला कारण सांगितलं.

"आधी बोलायचंत," दलाल हळहळला. "बिनइंजिनाची एक होती, पुष्कळ स्वस्त. केबिन हिच्याहून मोठी. कालच गेली. त्या गृहस्थांनी बायकोला विचारून घेतली."