हळदी-कुंकू बदकं आणि केसूतात्यांचा कॅमेरा

एका जंगलात, जिथे वाघ अजून तिकिटाशिवाय दिसायचा, तिथे केसूतात्या नावाचं एक अस्वल राहत होतं. बाळांनो, हसू नका. अस्वलालाही निवृत्त व्हावं लागतं. तात्यांनी जन्मभर मधाची पोळी उतरवली. मग गुडघे दुखू लागले, झाडावर चढणं बंद झालं आणि तात्यांनी कॅमेरा घेतला.

कॅमेरा घेतला की बदकांचे फोटो काढावे लागतात. का, ते विचारू नका.

जंगलात एक तळं होतं. तिथे हळदी-कुंकू बदकं उतरायची. चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल, म्हणून हे नाव. फोटो काढावा तर कोवळ्या उन्हात, असं सगळे जाणकार सांगत. पण तात्यांची आणि कोवळ्या उन्हाची कधी गाठच पडली नाही. आधी उशिरा उठायचे. मग चहा. मग त्या चहाने तरतरी आली नाही म्हणून दुसरा चहा. तळ्यावर पोचेपर्यंत ऊन असं रणरणत असे की पाण्याकडे बघवत नसे.

तात्या काठावर पालथे पडत. खरं तर आधी पोट पडे आणि मग पोटावर तात्या. कॅमेरा डोळ्याला लावला की लेन्सवर ऊन लख्खकन चमके आणि अख्खा थवा फडफडत उडून जाई. तात्या घाईने बोट दाबत. फोटोत पांढरंफटक आभाळ येई आणि कोपऱ्यात एक शेपूट.

ते शेपूट तात्या जंगलाच्या ग्रुपवर टाकत. माकड विचारी, "तात्या, हा मासा कोणता?"

मथुराबाई, म्हणजे तात्यांची बायको, म्हणे, "अहो, पोळं उतरवायचात तेव्हा निदान मध तरी यायचा."

एक दिवस थव्यातली म्हातारी बदकीण, बनूमावशी, डुलत डुलत तात्यांजवळ आली.

"रोज दुपारी चमकवणारे ते तुम्हीच ना?"

तात्यांची छाती फुगली. "मीच. फोटो पाहिलेत माझे?"

"कसले फोटो?" मावशी म्हणाली. "त्या लव्हाळ्यात कोल्हा दबा धरून बसतो. दुपारी आमचा डोळा लागतो. तुमचं ते चमकलं की आम्ही उडतो. तुम्ही येऊ लागल्यापासून एकही पोर गेलं नाही आमचं. येत जा हो बाबा."

तात्या तोंड पाडून घरी आले. एवढे जीव वाचवून कोणी इतकं खट्टू झालेलं मथुराबाईंनी पाहिलं नव्हतं.

"कलाकार नाही, बुजगावणं समजतात मला!" तात्या म्हणाले.

"बुजगावण्याला पगार नसतो, तुम्हालाही नाही," मथुराबाई म्हणाल्या. "काय चुकलं त्यांचं?"

दुसऱ्या दिवशी वाटेत कोल्हा भेटला. त्याने लांबूनच हात जोडले.

"तात्यासाहेब! तुमचं ते पांढरं आभाळ! काय एकटेपणा आहे हो त्या शेपटात! मी तर रात्रभर झोपलो नाही."

आजवर असं कोणी बोललं नव्हतं. तात्यांचे डोळे भरून आले.

"फक्त ती चमक तेवढी घालवा," कोल्हा हळूच म्हणाला. "लेन्सवर झाडाच्या सालीची नळी बसवा. बदकं हलणारसुद्धा नाहीत. जग तुमची चोच बघेल. म्हणजे बदकांची."

बाळांनो, कोल्हा कुठे बसतो हे तात्यांना ठाऊक होतं. मावशीने आदल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी तात्यांनी साल सोलली. कौतुक हा मधच असतो. पोळं कोणी धरलंय ते चाटणारा बघत नाही.

तात्यांनी नळी बसवली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. काही चमकलं नाही. बदकं जागच्या जागी पेंगत राहिली. तात्यांना पहिल्यांदाच ती नीट दिसली. पिवळं टोक, लाल ठिपका, पंखात हिरवी झाक. अगदी पुढे बनूमावशी, डोळे मिटून. आणि तिच्यामागे, लव्हाळ्यातून, दोन कान वर आले.

तात्यांना ओरडायचं होतं. पण आधी बोट दाबलं गेलं आणि मग तोंड उघडलं. मध्ये फार वेळ गेला नाही. पण गेला.

तात्यांच्या डरकाळीने कोल्हा दचकला आणि मावशी त्याच्या दातांतून निसटली. एका पंखाची पिसं मात्र त्याच्या तोंडात राहिली.

फोटो अप्रतिम आला. ग्रुपवर सिंहाने स्वतः अंगठा दिला. माकडाने विचारलं, "तात्या, हा क्षण कसा साधलात?" तात्यांनी लिहिलं, "संयम." मग ते पुसलं. मग फोटोही पुसला. कॅमेरा कोनाड्यात ठेवून ते तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

चौथ्या दिवशी मथुराबाईंनी कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला. "बनूमावशीला उडता येत नाही आणि थवा दुसऱ्या तळ्यावर निघून गेलाय. ती एकटी आहे तिथे. बुजगावणं घरात बसून काय कामाचं?"

तात्या गेले. सालीची नळी त्यांनी वाटेतच मोडून टाकली. मावशीला नवी पिसं फुटेपर्यंत ते भर उन्हात तिच्याशेजारी बसून राहिले. लव्हाळं जरा हललं की कॅमेरा सूर्याकडे वळवून लव्हाळ्यात लख्ख उजेड पाडत. आपण कोणामुळे वाचलो ते मावशीला ठाऊक होतं आणि कोणामुळे सापडलो तेही. पहिले काही दिवस ती त्यांच्याकडे पाठ करूनच बसली. एके दुपारी म्हणाली, "काढा की माझा एक. आता कुठे उडणार आहे मी?"

तात्यांनी काढला. पांढराफटक आला.

"ही मी?" मावशीने विचारलं.

"हो," तात्या म्हणाले. "ऊन जरा जास्त आहे."

"बरी दिसते," मावशी म्हणाली आणि निवांत डोळे मिटून झोपली.

तात्पर्य : आपल्या कलेला कोणी नावं ठेवली, तर त्याला जेवायला बोलवावं. कोणी कौतुक केलं, तर आधी त्याच्या तोंडाला पिसं लागली आहेत का, ते बघावं. आणि हुन्नर अंगी नसेल तर मुळीच शिकू नये. आपल्या अडाणीपणावर किती जणांचा जीव अवलंबून आहे, कोणाला ठाऊक!