'खरूज'ची जप्ती

महायुद्ध संपलं आणि आम्ही ठरवलं, आता जुन्या साहित्याचं कंबरडं मोडायचं! आम्ही म्हणजे मी, माझे चार दोस्त आणि एक खोकड सायक्लोस्टाइल यंत्र. अंकाचं नाव 'खरूज', छापखाना आमचं स्वयंपाकघर. सगळ्या डब्यांवर शाई उडाली म्हणून आईने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. टाकू दे! क्रांती काय डबे पुसत बसते?

एकच गोष्ट जिव्हारी लागली होती. इतर बंडखोरांचे अंक सरकारने धडाधड जप्त केले आणि आमच्याकडे कुत्रंही फिरकेना! दोस्तांनी मला निर्वाणीचं सांगितलं, "पुढचा अंक जप्त झाला नाही, तर संपादकपद सोड!"

सोडतो कसला! मी 'म्हाताऱ्यांनो, मरा!' ही कविता लिहिली. ओळीगणिक एक सणसणीत शिवी! अंक छापला आणि मुद्दाम मामाच्या खुर्चीवर ठेवला. आमच्याच घरी राहणारा मामा म्हणजे निवृत्त हेडमास्तर. दोन ओळी वाचूनच तो लालबुंद झाला.

"कार्ट्या, तुला तुरुंगातच धाडतो!" असं म्हणत तो अंक घेऊन तरातरा चौकीवर गेला. मी दोस्तांना बोलावून घेतलं. माझी अटक त्यांनी डोळ्यांनी बघायला हवी होती!

तासाभरात मामा परतला. मागे साक्षात फौजदार! मी दोन्ही हात पुढे केले.

"घाला बेड्या! माफी मागणार नाही!"

"बेड्या?" फौजदार गहिवरून म्हणाले, "अहो, काय कविता आहे! छपाई पुसट, म्हणून यांनीच वाचून दाखवली. 'म्हाताऱ्यांनो, मरा' म्हणायचे आणि खोकायचे. पुन्हा एक ओळ, पुन्हा खोकला. अख्खी चौकी रडली हो!"

"मामा, तू खोकलास?"

"मग काय त्या शिव्या उच्चारू? चार लोकांत? मी?"

फौजदारांनी खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. "यांच्यासाठी आणलंय."

दोस्त माझ्याकडे बघत होते. माझं रक्त उसळलं. "थांबा! खरी कविता मी ऐकवतो! शिव्यांसकट!" अंक हिसकावून घेतला, घसा साफ केला आणि गरजलो, "म्हाताऱ्यांनो, मरा! तुमच्या..."

तेवढ्यात आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "वाच की," कित्येक दिवसांनी ती माझ्याशी बोलली, "मीही ऐकते."

शिवी अगदी ओठावर होती. शपथेवर सांगतो, होती!

पण मला जो खोकला लागला, तो काही केल्या थांबेना. संपादकपद तिथल्या तिथे गेलं. कविता जहालच होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. औषध मात्र गोड होतं.