मयत क्लॅरीचा पान्यांचा डबा

पान्यांचा संच कसा निवडावा, हे आमच्या अख्ख्या गव्हाच्या पट्ट्यात माझ्याइतकं कुणालाही कळत नाही! हवं तर मला विचारा. गावात विचारू नका, लोक उगाच हसतात.

तीन आठवडे मी अभ्यास केला होता. खोक्यावर ‘दोनशे सोळा नग’ लिहिलेलं असलं की भुलायचं नाही, त्यातले दीडशे नग स्क्रू-ड्रायव्हरची टोकं असतात. सॉकेट, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारी टोपी, सहा कोनांचा घ्यायचा, बारा कोनांचा जुन्या बोल्टचं डोकं गोल करून ठेवतो. रॅचेट, म्हणजे सॉकेट फिरवायचं कट्-कट् वाजणारं हत्यार, त्याचे दाते बारीक हवेत, म्हणजे अडचणीच्या जागी बोटभर हललं तरी काम होतं. आणि जुनी गाडी असेल तर इंच आणि मिलिमीटर दोन्ही मापं हवीत, कारण जुन्या गाडीवर प्रत्येक मालकाने आपापल्या मापाचा बोल्ट ठोकलेला असतो.

हे सगळं माझी बायको जॉयलीन हिला मी जेवताना समजावून सांगितलं. ती म्हणाली, “लॉइड, शनिवारी भंगारवाला येतोय.”

“कशाला?”

“तुझ्या युटला न्यायला. दोन वर्षं ती शेडमध्ये बसून आहे. शनिवारी ती स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली तर राहील. नाहीतर त्याच्या ट्रकवर चढून जाईल.”

ती युट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, माझ्या वडिलांची. मेंढ्या, गवताचे गठ्ठे आणि मला, तिघांनाही त्यांनी तिच्या मागच्या हौद्यात सारख्याच मायेने फिरवलं. वडील गेल्यावर त्यांचं म्हणावं असं माझ्याकडे ती गाडी एवढंच उरलं. बिघाड फार नव्हता. वॉटर पंप गेलेला, नवा पंप खोक्यात येऊन पडलेला. फक्त बसवायचा होता. सोमवार होता. पाच दिवस म्हणजे काय, डाव्या हातचा मळ!

पाने मात्र नव्हते. आणि त्याच दिवशी मागच्या कुंपणापलीकडच्या ट्रेझाइजबाईंनी नवऱ्याच्या शेडमधलं सामान अंगणात मांडून विकायला काढलं.

क्लॅरी ट्रेझाइज जाऊन दीड महिना झाला होता. चाळीस वर्षं आमच्या गावातली प्रत्येक गाडी, पंप आणि नांगर त्याच्या शेडमधून धडधाकट होऊन बाहेर पडला. त्याची शेड म्हणजे देव्हारा! भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगाने रेखलेली, पाना काढला की त्याची सावली मागे उरायची. निलगिरीच्या तेलाचा वास. आणि क्लॅरीने जन्मात कुणाला पाना उसना दिला नाही. मागायला गेलं की दारात आडवा उभा राहायचा आणि हवापाण्यावर बोलत तुम्हाला तुमच्याच फाटकापर्यंत पोचवायचा.

त्याचाच पान्यांचा निळा डबा अंगणात चाळीस डॉलरला पडला होता. सहा कोनांचे सॉकेट, दोन्ही मापं, रॅचेट लोण्यासारखं फिरणारं. इतका स्वस्त!

“मिसेस ट्रेझाइज, नक्की विकायचा आहे ना?”

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई डब्यावर तळहात ठेवून उभ्या होत्या. “मुली म्हणाल्या, बाबांची हत्यारं ठेवून काय करणार. ने. पण काम झालं की पुसून जागच्या जागी ठेवत जा रे बाबा. नाही ठेवलंस तर सहन होत नाही.”

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मंगळवारी कामाला भिडलो. उन्हाने शेडचा पत्रा कडकड वाजत होता. बारापर्यंत चार बोल्ट निघाले. पाचवा मात्र गंजून बसला होता. तासभर झोंबलो, तीन शिव्या नव्याने तयार केल्या, शेवटी पाने पडले तिथेच टाकून जेवायला आणि वामकुक्षीला गेलो. त्रेचाळीस अंशात माणसाने दुसरं काय करावं!

अडीचला परत आलो आणि दारातच थबकलो.

जमिनीवर एकही पाना नव्हता. सगळे सॉकेट डब्यात, लहानापासून मोठ्यापर्यंत, आकडे वर करून. लखलखत होते. बाकावर एक पुठ्ठा होता आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने पंपाची आकृती काढलेली. त्या आकृतीत, ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी, माझे चार बोल्ट खोचलेले. आणि त्यांच्या शेजारी पाचवा. न निघणारा!

निलगिरीचा वास येत होता.

“जॉयलीन!” मी ओरडलो. “तू शेडमध्ये आली होतीस?”

“मी? त्या उकिरड्यात?” ती स्वयंपाकघरातून म्हणाली. “माझ्या शत्रूनेही जाऊ नये!”

माझा कुत्रा बिस्किट गावभर भुंकतो, पोस्टमनला तर कच्चा खातो. तो शेडच्या मागच्या पत्र्याकडे तोंड करून बसला होता. तिथे कुणीही नव्हतं. आणि तो शेपूट हलवत होता.

माझ्या पाठीवरून घामाचा एक थेंब सावकाश खाली गेला. तो थंड होता.

बुधवारी मी मुद्दाम दहाचा सॉकेट बोनेटवर ठेवून जेवायला गेलो. परत आलो तर सॉकेट डब्यात आपल्या खाचेत. शिवाय पंपाच्या सांध्यातलं जुनं, चिकटलेलं गॅस्केट खरवडून इतकं साफ केलेलं, की धातूत मला माझा चेहरा दिसला. चेहरा पांढरा पडला होता.

मी सरळ माझा दोस्त डूली याच्याकडे गेलो. डूली म्हणजे सहा फूट दोन इंच धिप्पाड माणूस, एकदा त्याने विषारी तपकिरी साप फावड्याने बाजूला सारून पुढे पेरणी चालू ठेवली होती. त्याने सगळं ऐकलं आणि खो-खो हसला.

“भूत? आणि तुझी युट दुरुस्त करतंय? अरे, मेलेल्याला दुसरी कामं नाहीत काय!”

गुरुवारी दुपारी आम्ही पहारा ठेवला. शेडच्या दारासमोर झाडाखाली दोन खुर्च्या, बर्फाच्या पेटीत बिअर. दार बंद. दुसरं दार शेडला नाही. आत फक्त युट, नवा पंप आणि क्लॅरीचा डबा. तासभर माशीखेरीज कुणी दाराशी फिरकलं नाही. वारा पडला होता. कावळ्यांनीसुद्धा तोंड मिटलं होतं.

आणि आतून आवाज आला.

कट्-कट्-कट्-कट्.

डूलीची बाटली ओठांशीच थांबली.

कट्-कट्-कट्. थोडा वेळ शांतता. मग कुणीतरी समाधानाने नाकातून ‘हं’ केल्यासारखं झालं. आणि पुन्हा कट्-कट्.

“लॉइड,” डूली कुजबुजला, “जा, बघ.”

“तू बघ. साप कुणी सारला होता?”

“सापाला रॅचेट चालवता येत नाही रे!”

आम्ही दोघंही हललो नाही. आवाज वीस मिनिटं चालला. शेवटी डूलीला भीतीने एवढी मोठी शिंक आली, की झाडावरचे सगळे कावळे उडाले. आतला आवाज तिथेच तुटला.

पंधरा मिनिटांनी एकमेकांचे शर्ट धरून आम्ही दार उघडलं. कुणी नाही. पंप बसवलेला. पट्टा चढवलेला. नळ्या जोडलेल्या. फक्त एक बोल्ट अर्धवट राहिला होता आणि रॅचेट त्याच्यावरच लटकत होतं.

डूली पळाला. तो थेट पबमध्ये जाऊन थांबला!

मी मात्र थांबलो. युट राहणार होती ना! तो शेवटचा बोल्ट मी आवळला आणि मोठ्याने म्हणालो, “थँक्यू, क्लॅरी.” कुणी उत्तर दिलं नाही, ते बरंच झालं.

शुक्रवारी सकाळी शेडच्या दाराशी तीन गवत कापायची यंत्रं, एक पाण्याचा पंप आणि एक चेन-सॉ रांगेत उभी होती. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. ‘क्लॅरी, चालू होते पण लगेच बंद पडते. घाई नाही. — बॅरी.’ डूलीने गावाला सगळं सांगितलं होतं, आणि गावाने घाबरायचं सोडून रांग लावली होती!

त्या दुपारी जेवण करपलं, म्हणून मी दहा मिनिटांतच उठलो. दार लोटून आत पाऊल टाकलं आणि माझं रक्त गोठलं.

मागच्या भिंतीचा खालचा पत्रा वर उचलला जात होता. फटीतून एक हात आत आला. सुकलेला, शिरा तटतटलेला, कोपरापर्यंत पांढरा. बोटं बाकावर चाचपडत सरकली, डब्यापाशी आली, एकेक सॉकेट मोजल्यासारखी त्यावरून फिरली आणि न बघता बरोबर दहाच्या सॉकेटवर थांबली.

मी किंचाळलो!

“ओरडू नकोस, लॉइड,” पत्रा म्हणाला. “बोट चेंगरेल माझं.”

मागून ट्रेझाइजबाई सरपटत आत आल्या. अंगावर निळा झगा, कोपरापर्यंत पीठ. झगा झटकत उभ्या राहिल्या. बिस्किट आनंदाने त्यांच्या पायांत लोळण घेऊ लागला.

“चहाबरोबरचे स्कोन भाजायला घेतले होते,” त्या म्हणाल्या. “पण बॅरीचं यंत्र डोक्यातून जाईना. कार्ब्युरेटरच असणार.”

“म्हणजे... तुम्ही?”

“मग कोण? स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तुझ्या शेडच्या मागच्या फटीतून आतलं सगळं दिसतं. रॅचेट धरतोस की कोंबडी? सोमवारी ठरवलं होतं, तिकडे बघायचंच नाही. मंगळवारी तू त्या बोल्टचं डोकं खायला लागलास. माझ्याने बघवेना!”

मी मटकन खोक्यावर बसलो. “पण हत्यारं तर क्लॅरीची...”

“क्लॅरीला बोल्ट कुठल्या बाजूला आवळायचा तेही कळत नव्हतं.” बाई हसल्या, पण डोळे भरून आले होते. “माझ्या वडिलांनी शिकवलं मला. पण बाईच्या हातात गाडी कोण देणार होतं त्या काळी? मग क्लॅरी दारात उभा राहायचा आणि बोलायचा. बोलण्यात त्याचा हात कोण धरणार! मी आत, गाडीखाली. चाळीस वर्षं. लोक म्हणायचे क्लॅरी पाने उसने देत नाही. देणार कसा? मला लागायचे.”

“मुलींना माहीत नाही?”

“त्यांनाही बाबांचेच वाटतात. त्या म्हणाल्या विक, आणि मला तोंड उघडवेना. उघडलं असतं तर तो खोटा ठरला असता. फार चांगला होता रे तो. दर अर्ध्या तासाला चहा आणून द्यायचा.”

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. “न्या. तुमचाच आहे.”

“विकलेली वस्तू मी परत घेत नसते. पत्रा सैल ठेव, झालं. आणि कुणाला सांगू नकोस. जिवंतपणी त्याने एक बोल्ट फिरवला नाही. मेल्यावर तरी काम करू दे त्याला!”

शनिवारी अर्धं गाव जमलं. भंगारवाला ट्रकला टेकून उभा. मी चावी फिरवली आणि युट पहिल्याच झटक्याला धडधडली! वडिलांच्या वेळी धडधडायची तशीच. फाटकातून बाहेर काढली, धान्याच्या कोठाराला वळसा घातला, परत आलो. लोक टाळ्या वाजवत होते, कुणी आभाळाकडे बघून टोपी काढत होतं. जॉयलीनने भंगारवाल्याला हात हलवून जायला सांगितलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि चक्क रडलो.

तेवढ्यात डूली ओरडला, “अरे, खाली बघ!”

युटखाली इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या पाण्याचं थारोळं साचत होतं.

“क्लॅरीच्या हातचं काम,” बॅरी हळहळला, “आणि गळतंय?”

कुंपणापलीकडून ट्रेझाइजबाई म्हणाल्या, “क्लॅरीच्या हातचं काम कधी गळलेलं नाही.” आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आता काय करणार! मी खाली उतरलो. “शेवटचा एक बोल्ट,” मी पुटपुटलो, “मी आवळला होता.”

“हां!” अख्खं गाव एका सुरात म्हणालं. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

जॉयलीनने सुस्कारा सोडला. “फाटकाबाहेर गेली, म्हणजे गाडी राहील. शब्द तो शब्द. पण यापुढे पान्यांना तू हात लावायचा नाहीस, लॉइड. क्लॅरीला काम करू दे.”

तेव्हापासून मी फक्त चहा करतो. दर अर्ध्या तासाला एक कप शेडच्या बाकावर ठेवून येतो, आणि लोक मला बघून आपापसात म्हणतात, लॉइडचं डोकं फिरलं, भुताला चहा पाजतो. म्हणोत बापडे. तुम्हाला सांगितलं ते तुम्ही लांब राहता म्हणून. भुताला दोन चमचे साखर लागते.