कारांगसेपी : जाण्या-येण्याची संपूर्ण माहिती

माणसाचं घर जिथे असतं तिथे तो राहत नाही आणि जिथे तो राहतो तिथे त्याचं घर नसतं, या भक्कम पायावर ओमानमधलं आमचं सगळं सुसंस्कृत जीवन उभं आहे. मस्कतच्या अल् खुवैर भागातले माझे शेजारी कृष्णकांत यांचंच बघा. बाणेरला त्यांचा फ्लॅट आहे (कुलूपबंद). तळेगावला प्लॉट आहे (कुंपणबंद). दापोलीजवळ समुद्र दिसणारी जमीन आहे (समुद्र दिसतो, जमीन अजून सापडलेली नाही). ते स्वतः सहकुटुंब भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात.

याच नियमाने त्यांच्याकडे कामाला असलेल्या खुदेजाचंही एक घर आहे. ते इंडोनेशियात, जावा बेटावर, कारांगसेपी नावाच्या गावात आहे. पहिल्या वर्षाच्या पगारातून जोतं झालं, दुसऱ्या वर्षी भिंती, तिसऱ्या वर्षी कौलं आणि चौथ्या वर्षी निळी फरशी. हे सर्व तिने मोबाइलवर पाहिलं. मालमत्तेच्या बाबतीत इथे मालक आणि मोलकरीण असा भेदभाव होत नाही, हे इथल्या मराठी मंडळाचा चिटणीस या नात्याने मी आवर्जून नमूद करतो.

खुदेजा मुख्यतः कृष्णकांतांच्या वडिलांना सांभाळते. बाळकृष्णपंत ब्याऐंशी वर्षांचे, पुण्याच्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. दिवसभर ऐकायला दुसरं कुणी नसल्यामुळे त्यांनी ते सगळं मराठी खुदेजाला शिकवलं. आता नातू क्षितिज विचारतो, "आजोबा, तुमचा गोळी झाला?" आणि खुदेजा म्हणते, "गोळी घेतल्याशिवाय उठायचं नाही हं, आजोबा."

करारानुसार तिला दर दोन वर्षांनी महिनाभर रजा आणि विमानाचं तिकीट आहे. ही रजा एकदाही नाकारण्यात आलेली नाही. ती फक्त पुढे गेली. २०१२ साली क्षितिजची दहावी होती. २०१३ साली बाळकृष्णपंतांनी बाथरूममध्ये खुब्याचं हाड मोडून घेतलं (ऐन रजेच्या तोंडावर, हे त्यांनी अजूनही मान्य केलेलं नाही). दरम्यान तिचा पासपोर्ट कृष्णकांतांच्या पत्नी विद्याताई यांच्या कपाटात दागिन्यांशेजारी सुखरूप होता. घरातल्या सहा पासपोर्टांपैकी पुरेशी विश्रांती त्या एकालाच मिळाली.

२०१४ च्या जानेवारीतच खुदेजाने विचारून ठेवलं. रमजान ईदला, ज्याला ती लेबारान म्हणते, तिच्याकडे जगाच्या पाठीवर असेल तिथून माणूस घरी येतो.

"आईने माझी खोली तयार ठेवली आहे," ती म्हणाली. "नवी गादी आणली आहे. प्लॅस्टिक काढलेलं नाही. आई म्हणते, तू येशील तेव्हा तूच काढ."

"इन्शाल्ला," कृष्णकांत म्हणाले. ओमानी माणूस हा शब्द देवावर विश्वास ठेवून उच्चारतो. आम्ही देवावर जबाबदारी टाकून उच्चारतो.

नेमकी त्याच वर्षी मंडळात अनवट जागी जायची साथ आली. आमच्या चौदा कुटुंबांपैकी नऊ कुटुंबं बाली करून आली होती (एक दोनदा, कारण पहिल्या खेपेचे फोटो नीट आले नव्हते). ओमानमधल्याच सलालाहला जाणं हा प्रवास धरला जात नव्हता. धनेश जॉर्जियातल्या अशा एका खेड्यात राहून आला की जिथे त्याला काहीही आवडलं नाही, आणि त्याबद्दल त्याचा सत्कार झाला. कृष्णकांत तीन आठवडे कुणाशी नीट बोलले नाहीत. मग एके दिवशी विद्याताईंनी खुदेजाच्या मोबाइलवर ते घर पाहिलं. मागे डोंगर, पुढे भाताची खाचरं, मधे निळी फरशी.

"किती ऑथेंटिक आहे गं!" त्या म्हणाल्या.

कृष्णकांतांनी इंटरनेटवर गावाचं नाव शोधलं. काहीही सापडलं नाही. त्याच क्षणी तिकिटं काढण्यात आली.

आजोबांजवळ कुणीतरी थांबणं भाग होतं. इथे कृष्णकांतांनी शांतपणे विचार केला. चौघांनी ते गाव पाहिलेलं नव्हतं, खुदेजाने पाहिलेलं होतं. जिने पाहिलेलं आहे तिने पुन्हा जाण्यात काय नावीन्य?

"अरे, घर तिचं आहे," बाळकृष्णपंत म्हणाले. "तिला पाठव. मी खिचडी लावून खाईन."

"बाबा, तुम्हाला गॅस पेटवता येत नाही."

"मग उपाशी बसेन."

ही ज्येष्ठांची सूचना म्हणून नोंदवून घेण्यात आली. खुदेजाला मात्र विश्वासात घेतलं. डास किती, संडास कोणत्या पद्धतीचा, शाकाहारी माणसाने काय खावं, अशा सव्वीस प्रश्नांची उत्तरं तिने दिली. आईला फोन करून 'मस्कतच्या घरची माणसं येत आहेत' असंही तिनेच कळवलं. आईला ऐकू कमी येतं आणि आशा जास्त असते, याची कल्पना त्या वेळी कुणाला नव्हती.

प्रवास असा. मस्कतहून क्वालालंपूर, तिथून जकार्ता, मग पाच तास रेल्वे आणि दोन तास गाडी. शेवटचा अर्धा तास भातखाचरांतून. ईदच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, गाडी गावात शिरली तेव्हा रस्त्यावर चाळीसेक माणसं उभी होती. सगळ्यांत पुढे नवं पातळ गुंडाळल्यासारखा कपडा नेसलेली खुदेजाची आई. चौघे उतरले. आईने गाडीत वाकून पाहिलं. दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा पाहिलं. मग ड्रायव्हर जैनुद्दीनला डिकी उघडायला लावली.

"इथल्या लोकांना गाडीचं भारी कौतुक," कृष्णकांतांनी वहीत लिहिलं.

जैनुद्दीनने म्हातारीला काहीतरी सांगितलं. ती रस्त्याच्या कडेला खाली बसली. विद्याताईंनी तिला उन्हाचा त्रास होत असणार म्हणून ग्लुकोज दिलं (सूर्य मावळला होता). त्यानंतर सगळ्या गावाला जेवण होतं, पिवळ्या भाताचा कमरेइतका डोंगर रचलेला. "आपल्यासाठी किती केलंय या लोकांनी," विद्याताई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

झोपायला त्यांना खुदेजाची खोली मिळाली. गादीवरचं प्लॅस्टिक रात्री वाजायला लागलं म्हणून क्षितिजची बहीण सावनी हिने ते काढून टाकलं. सकाळी विद्याताईंनी फोटो पाठवला : 'तुझी गादी एकदम मस्त आहे!'

फोटो आला तेव्हा मी बाळकृष्णपंतांची चौकशी करायला गेलो होतो. खुदेजाने तो त्यांना दाखवला.

"ही चादर मीच पाठवली होती, आजोबा. छान दिसते, नाही?"

म्हातारबुवांनी चष्मा काढून ठेवला. तिने त्यांच्या हातात गोळी ठेवली, मग पाणी दिलं. मला फार वाईट वाटलं. घरी जाऊन मी बायकोला तसं सांगितलंही.

परतल्यावर मंडळात सचित्र व्याख्यान झालं. शांतता दहापैकी दहा, निसर्ग दहापैकी दहा, जेवण आठ, आदरातिथ्य साडेनऊ (घराची मालकीण जागेवर नसल्यामुळे अर्धा गुण कापला). धनेशसकट आठ कुटुंबांनी तिथल्या तिथे नावं दिली. विद्याताईंनी स्वयंपाकघरात एक कॅलेंडर लावलं आणि त्यावर रंगीत पेनांनी तारखा भरायला घेतल्या. खुदेजाच्या घराला आता माणसांची चहलपहल राहील, म्हणाल्या, नाहीतर बंद घराला वाळवी लागते. खुदेजाने मान हलवली. तिला नाही म्हणायचं मराठी येतं, पण ते तिने कधी वापरलेलं मी ऐकलेलं नाही.

कृष्णकांत हे न्यायी गृहस्थ आहेत. दौऱ्यावरून आल्यावर त्यांनी खुदेजाची रजा लेखी मंजूर केली. ऑक्टोबरमध्ये, पूर्ण एक महिना, तिकिटासह. पासपोर्टही कपाटातून काढला. फक्त ऑक्टोबरमध्ये घर रिकामं नव्हतं.

"मग ती राहणार कुठे?" बाळकृष्णपंतांनी विचारलं.

विद्याताईंनी कॅलेंडर दाखवलं. ऑक्टोबरचे पहिले पंधरा दिवस धनेशचे आहेत आणि उरलेले, खरं सांगायचं तर, माझे. माझी सुट्टी ऑफिसने कधीच मंजूर केली आहे आणि ती आता बदलता येत नाही.

तुम्हाला आमचा राग आला असेल तर तो रास्त आहे. मात्र मघाशी रेल्वेचे पाच तास आणि गाडीचे दोन तास वाचताना तुम्हीही मनातल्या मनात सुट्ट्या जुळवून पाहिल्यात. डिसेंबरचा पहिला आठवडा अजून मोकळा आहे. खुदेजाने तो स्वतःसाठी मागितला आहे, पण कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला नाही. तुमचा विचार असेल तर शुक्रवारच्या आत कळवा, म्हणजे तिला तसं सांगता येईल.