कावळा आणि बिनचिपचं यंत्र

वेप निवडायचं असेल तर मला विचारा! आपल्याकडे या ई-सिगारेटी विकायलाच बंदी आहे, म्हणून कोणी विचारणार नाही. पण मी सगळं वाचून ठेवलं होतं. अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त सुभेदार नाथाजी. त्यांच्या बिडीचा धूर अजिंक्यताऱ्यावरून दिसायचा! मिरजेच्या डॉक्टरांनी बिडी बंद केली, तेव्हा बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या चुलतभावाने, शिवतेजने, परदेशातून दोन वेप आणले. एक चिपवालं: जास्त तापलं की आपोआप बंद पडणारं. दुसरं मेकॅनिकल: पितळी नळी, आत सेल, बुडाला बटण. दाबाल तोवर तापणार, अडवणारं कोणी नाही.

"अण्णा, चिपवालंच!" मी बजावलं.

"ते मला थांबा म्हणतंय!" अण्णा भडकले. "आमच्या कर्नलनं कवा म्हटलं न्हाई. यंत्रानं हुकूम ऐकावा, सोडू नये."

डॉक्टरांनी दोन्हींना नाही म्हटलं होतं. ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही. वर्षभर वाद चालला. मी जिंकणारच होते, अण्णाच गेले.

दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळ्यांचं संमेलन भरलेलं, पण खाली एकही उतरेना.

"काका, ऊस मी बघतो," शिवतेजने हात जोडले. कावळे ढिम्म!

"दादा, तुझ्या पोरीवर आता वरडत न्हाई," अण्णांची बहीण, रंगूआत्या म्हणाली. एक कावळा उलट उडूनच गेला.

"त्याच्या आवडीचं ठिवा की रं काय तरी!" आत्याच पुन्हा म्हणाली.

शेंगदाण्याची चटणी ठेवली. मग शिवतेजने पिशवीतून दोन्ही वेप काढले!

"लाज वाटते का? बापाच्या पिंडाशेजारी हे?" माझा आवाज घाटभर गेला. "आणि ठेवायचंच असेल तर चिपवालं ठेव!"

"ताई, काकांचं आवडतं हेच हाय." त्याने पितळी नळी दगडावर उभी केली.

क्षणभराने नळीच्या तोंडातून पांढरा धूर निघाला. स्ट्रॉबेरीच्या वासाचा!

"दादा आला!" रंगूआत्या किंचाळली. शेजारच्या पिंडाची माणसंही हात जोडून आमच्याकडे आली. गुरुजी मागे सरकत म्हणाले, "हे कुठल्याच पोथीत नाही!" आणि झाडावरचे सगळे कावळे उडाले.

"आला-बिला काही नाही!" मी ओरडले. "बुडाचं बटण दगडावर दाबलं गेलंय! चिपवालं असतं तर एव्हाना बंद पडलं असतं!"

शिवतेजने नळी धरली, "आय गं!" करून सोडली, शेवटी ओल्या पंच्याने आडवी केली. धूर थांबला. माझं बोलणं थांबलं नाही. वडिलांच्या दहाव्याला मी सेलवर व्याख्यान देत होते!

ऊन चढलं. एकच कावळा परतला.

"उशीर होतोय," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करू."

गवताचा कावळा? माझ्या अण्णांना? ज्यांनी उभ्या आयुष्यात बदलीचा शिपाई पहाऱ्यावर चालवून घेतला नाही, त्यांना? मी नदीकडे तोंड फिरवलं. रागाने, असंच मी सगळ्यांना सांगते.

आत्याने कोपर मारलं. "तुज्यातच अडकलाय त्यो. बोल की, बये!"

मी वर पाहिलं. कावळ्याने मान तिरकी केली होती. वादात समोरच्याची चूक सापडली की अण्णा करायचे, अगदी तश्शी!

मी दात आवळून हात जोडले. "अण्णा, तुमचंच खरं. मेकॅनिकलच चांगलं."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. चटणीही खाल्ली!

सगळ्यांनी डोळे पुसले. मीही पुसले. मेल्यावरसुद्धा हा माणूस वादात हरायला तयार नाही!

"आता तरी पटलं?" आत्याने विचारलं.

"मुळीच नाही" म्हणायला मी तोंड उघडलं. पण कावळ्याने खाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड मिटलं.