संवादाआधी चावलेलं बोट

ज्या दिवशी संध्याकाळी पाळकसाहेबांना मुसलमानांशी जाहीर संवाद करायचा होता, त्याच दुपारी त्यांची दाढ मोडली.

"सैतानाचं काम आहे हे!" गाल धरून ते म्हणाले.

"बिस्किटाचं आहे," पाळकीणबाई म्हणाल्या. त्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत आणि कारण जवळपास सापडत असेल तर लांब जात नसत.

पाळकसाहेबांचा संताप वाजवी होता. 'मुसलमान बांधवांना सुवार्ता कशी सांगावी' हा वर्ग ते चर्चच्या मंडळीत सात वर्षं चालवत होते आणि त्या वर्गाला आजवर एकही मुसलमान आला नव्हता. आज वाचनालयाच्या सभागृहात शेजारच्या मशिदीतली माणसं समोर बसणार होती. प्रभूने आपल्यासाठी काय केलं, हे त्यांच्या तोंडावर सांगायला वीस मिनिटं मिळणार होती. आणि नेमकं आज तोंडच बिघडलं होतं.

त्या वेळी दातांचा एकच दवाखाना उघडा होता. तिथले दंतवैद्य हे संध्याकाळचे दुसरे वक्ते होते. मौलानांना गर्दीपुढे बोलता येत नसे, म्हणून मशिदीने डॉक्टरांना उभं केलं होतं.

"या, या," डॉक्टर खुशीत म्हणाले. "संध्याकाळी भांडायच्या आधी ओळख तरी होईल. इतकी वर्षं समोरासमोर राहतो आपण. आ करा."

पाळकसाहेबांनी आ केला. इंजेक्शन झालं, ओठ जड झाला, जीभ कुणा दुसऱ्याची वाटू लागली.

"तुमची हरकत नसेल तर माझं भाषण म्हणून बघतो. हात चालू असले की मला सुचतं."

"आँ," पाळकसाहेब म्हणाले. डॉक्टरांनी तो होकार धरला.

सुरुवात बरी होती. ख्रिस्ती लोक शेजारी म्हणून चांगले, त्यांच्या शाळा चांगल्या. मग डॉक्टर म्हणाले, "फक्त बिचाऱ्यांचे देव तीन. एक बाप, एक आई आणि लग्नानंतर झालेला त्यांचा मुलगा."

पाळकसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आँ! आँ!"

"दुखतंय? बघू," म्हणून डॉक्टरांनी बोट आणखी आत घातलं.

पाळकसाहेबांना फक्त 'चूक' एवढंच म्हणायचं होतं. पण भुलीने ओठ आणि जीभ बधिर होतात, चावायचे स्नायू होत नाहीत. जबडा मिटला. डॉक्टरांची किंकाळी बाहेरच्या बाकापर्यंत पोचली. बाकावर मंडळीतलाच एक शिंपी सुजलेला गाल घेऊन बसला होता. तो दुखणं विसरून धावत सुटला.

"अहो, चावलात तुम्ही त्यांना?" बरोबर आलेल्या पाळकीणबाई बाहेरून आत येत म्हणाल्या. नवऱ्याचे हातवारे त्यांना कळेनात, तेव्हा त्या डॉक्टरांकडे वळल्या. "तुम्ही काय म्हणाला होतात?"

बोटाला पट्टी बांधता बांधता डॉक्टरांनी सांगितलं.

"मग बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "चावायला नको होतं, पण बरोबर आहे. असलं आम्ही काही मानत नाही."

"मग काय मानता? सांगा बरं. मी परत म्हणून दाखवतो, चुकलं तर थांबवा."

दाढ भरून होईपर्यंत हाच पाठ चालला. बाईंनी त्यांना चारदा थांबवलं. पाचव्यांदा थांबवलं नाही. पाळकसाहेब आ करून सगळं ऐकत होते. एक शब्द घालता येत नव्हता. छताकडे बघत ते धुमसत राहिले.

"भूल उतरेपर्यंत बोलू नका, जीभ चावेल," निघताना डॉक्टरांनी बजावलं. "डॉक्टर म्हणून सांगतोय हं, वक्ता म्हणून नाही."

तोवर शिंप्याने बातमी गावभर शिवून ठेवली होती. पहिल्या चौकात 'पाळक डॉक्टरांना चावले' असं होतं, दुसऱ्यात 'बोट तुटलं', आणि मशिदीपाशी पोचेपर्यंत 'हातच गेला'. परतीच्या वाटेवर त्यात भर पडली, की डॉक्टरांनी मुद्दाम दुप्पट भूल दिली, पाळकांचं तोंड बंद करायला.

एरवी वाचनालयाच्या कार्यक्रमाला दहा माणसं येत. आज सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मागे एक पोलीसही येऊन थांबला होता.

"आमच्या पाळकांना बोलू द्यायचं नव्हतं म्हणून कट केलाय!" एकजण ओरडला.

"कट कसला? दात तुमच्याच पाळकांचे ना!"

"अरे, नीट बोल!"

"तू आधी नीट चाव!"

"हाताची घडी, तोंडावर बोट!" संवाद चालवणाऱ्या ग्रंथपालबाई सवयीने ओरडल्या. सगळ्यांची नजर डॉक्टरांच्या पट्टीकडे गेली आणि पोलिसालाही हसू आवरेना.

तेवढी संधी साधून डॉक्टर उठले. "चूक माझी होती," ते म्हणाले. "त्यांच्या श्रद्धेबद्दल मी नको ते बोललो, तेही माझं बोट त्यांच्या तोंडात असताना. त्यांना आज बोलता येत नाही, म्हणून ते काय मानतात ते मी सांगतो. देव एकच, तीन नव्हेत. पुत्र म्हणजे लग्नातून झालेला मुलगा नव्हे. देव स्वतः माणूस होऊन आला, आपल्या पापांसाठी क्रूसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. तारण कमवायचं नसतं, विश्वासाने फुकट मिळतं. मी हे मानत नाही. पण त्यांचं म्हणणं हे आहे."

पाळकसाहेब खुर्चीत चडफडत होते. सात वर्षं घोटलेली साक्ष दुसऱ्याने अर्ध्या मिनिटात दिली होती, विश्वास नसताना दिली होती, आणि तिच्यात चूक सापडत नव्हती.

"वा!" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आता पाळकसाहेबांनी डॉक्टरांचं मत सांगावं. थोडक्यात, जमेल तसं."

पाळकसाहेब उठले. ओठांना मुंग्या येऊन गेल्या होत्या, जीभ पुन्हा आपली झाली होती. वर्गात शिकवलेलं पहिलं वाक्य तयारच होतं: यांच्या देवाला दया ठाऊक नाही. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर उत्सुकतेने बघत होते, दुखरं बोट छातीशी धरून. पाळकसाहेबांनी दुसरं वाक्य आठवलं, मग तिसरं. यातलं एकही ऐकून हा माणूस 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणेल, असं त्यांना वाटेना.

त्यांनी हळूच गालाकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग त्यांच्याकडे. मग लोकांकडे वळून शांतपणे म्हणाले, "भूल अजून उतरलेली नाही. तासभर तरी उतरणार नाही."

"खोटं बोलताय तुम्ही!" पाळकसाहेब गरजले. शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक अक्षर खणखणीत पोचलं. "केव्हाच उतरलीय! मला सांगता येत नाहीये, म्हणून मी गाल दाखवला. आणि तुम्ही मला पाठीशी घालताय? मी मागितलं होतं का?"

पाळकीणबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मग आता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगा तुम्ही," पाळकसाहेब खाली बसत तशाच चढ्या आवाजात म्हणाले. "मी म्हणून दाखवतो. चुकलं तर थांबवा."

डॉक्टर सांगू लागले. दोन वाक्यं झाली नाहीत तोच पाळकसाहेब ताडकन उभे राहिले.

"चूक आहे हे!"

"मी जे मानतो ते चूक आहे, की मी ते मानतो हे चूक आहे?"

पाळकसाहेबांनी विचार केला. "मानता ते."

"ते तुमच्या वीस मिनिटांत सांगा. आत्ता बसा."

पाळकसाहेब बसले.