पहिल्या क्रमांकाच्या सात प्रती

ठाण्याच्या सदाचारवर्धक मंडळीने मासुंदा तळ्याकाठी आपली तसबीर काढवली. सातही सभासद खुर्च्यांवर बसले. अध्यक्ष रावसाहेब त्र्यंबकरावांच्या मागे त्यांचा गडी परशुराम छत्री धरून उभा राहिला. फोटोग्राफर श्रीपादच्या सांगण्यावरून सगळ्यांनी श्वास रोखला. पुढे पंधरवड्यात परशुराम पटकीने गेला. तसबीर मात्र उत्तम आली.

मुंबईच्या एका शेटजींनी रावसाहेबांना सांगितले होते, की जी वस्तू कोणालाही मिळते ती भिंतीवर टांगण्यात शोभा नाही. म्हणून ठराव झाला: प्रती सातच काढाव्यात, प्रत्येकीवर क्रमांक घालावा, आणि ज्या काचेवरून उन्हात कागदावर प्रती उतरतात ती फोडून टाकावी.

पहिला क्रमांक अध्यक्षांचा, यावर एकमत झाले. दुसरा घ्यायला कोणी तयार होईना.

“गावात पहिला विडा आमच्या घराण्याला,” हरिहरपंत वकील म्हणाले. “दिवाणखान्यात दुसरा क्रमांक पाहून व्याही काय म्हणतील?”

असे घराणे प्रत्येकाचेच निघाले. अखेर सर्व प्रतींना पहिला क्रमांक देण्याचे ठरले.

“मग क्रमांक कशाला?” श्रीपादने विचारले.

“अरे, क्रमांक नको तर प्रतिष्ठा कशी कळणार?” रावसाहेब म्हणाले.

काच फोडण्याच्या समारंभाला परशुरामची बायको तुळसा आली. “रावसाहेब, माझा धनी हाय त्यात. त्याचं तोंड दुसरीकडं कुटं ऱ्हायलं नाय. येक कागद द्या.”

रावसाहेब हळहळले. “द्यायला हरकत नाही. पण क्रमांक?”

“तिला दुसरा द्या,” श्रीपाद म्हणाला.

“दुसरा आला की आमचे पहिले राहतात कुठे?” वकील उसळले. “मागे दुसरा नसला तरच सात पहिले चालतात. आणि हिला पहिला दिला, तर ती रावसाहेबांच्या बरोबरीने बसली!”

“बिननंबरी देतो,” श्रीपाद म्हणाला.

“ती तर सगळ्यांत दुर्मीळ ठरेल!” वकील म्हणाले.

रावसाहेबांनी बत्ता उचलून काच फोडली. तुळसा तुकडे वेचू लागली, तेव्हा तेही सात प्रतींच्या मर्यादेत मोडतात असे सांगून मंडळीने ते तिच्याकडून परत घेतले आणि तळ्यात टाकले. टाळ्या झाल्या. पेढे वाटले, तुळसालाही दिला.

सातांतली खरी पहिली प्रत कोणाकडे गेली, हे वाचक विचारणारच, म्हणून मी मुद्दाम चौकशी करून ठेवली आहे. उन्हात सर्वांआधी उतरली ती वकिलांकडे आहे. तुळसाचे पुढे काय झाले, हे आजवर मला कोणी विचारले नाही. तेव्हा ती चौकशी केलेली नाही.